वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट रिव्ह्यू: तुमच्या क्लासला रेडमध्ये काम मिळतं का?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन मल्टीप्लेअर गेमचे रिव्ह्यू ढिगानं पडलेत, ग्राफिक्स कसे, स्टोरी कशी, ग्राइंड किती, सगळं लिहून झालंय, त्यामुळे मी त्यात पडत नाही. मला एकाच गोष्टीवर लिहायचंय आणि ती म्हणजे क्लास, म्हणजे तुमचं कॅरेक्टर कुठल्या प्रकारचं, वॉरियर (योद्धा), मेज (जादूगार), रोग (लपूनछपून मारणारा) वगैरे. कॅरेक्टर बनवताना पहिल्याच स्क्रीनवर गेम विचारतो की तू कोण होणार, आणि तिथं तुम्ही जे निवडता त्यावर पुढचे कित्येक महिने लोक तुम्हाला पार्टीत घेणार की "सॉरी, जागा नाही" म्हणणार हे ठरून जातं, आणि त्यावेळी हे कोणी सांगत पण नाही. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये कमजोर क्लास घेतला तर गेम थोडा अवघड होतो, बस. पण मल्टीप्लेअरमध्ये कमजोर क्लास घेतला की तुम्हाला कोणी बोलावतच नाही. ज्यानं आवडीनं, मनापासून एखादा क्लास लेव्हल केलाय त्याला वरच्या लेव्हलला गेल्यावर "तुझं इथं काही काम नाही" हे कळणं यासारखी वाईट गोष्ट या प्रकारच्या गेममध्ये दुसरी नाही असं माझं मत आहे.

मग याच गेमचा रिव्ह्यू का, तर हा गेम २३ नोव्हेंबर २००४ पासून चालू आहे आणि प्रत्येक क्लास उपयोगी कसा करायचा या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं यानं एकेक करून वापरून बघितलीत. आणि भारी गोष्ट म्हणजे जुना क्लासिक आणि आत्ताचा रिटेल दोन्ही एकाच सबस्क्रिप्शनमध्ये खेळता येतात, म्हणजे आज एक उत्तर आणि उद्या दुसरं उत्तर स्वतः खेळून बघता येतं. मी बहुतेक वेळ ड्रुइड हीलर (बाकीच्यांना बरं करणारी) खेळते, अधूनमधून रेड, म्हणजे बरेच जण मिळून मोठे बॉस मारायची मोहीम, लीड पण करते, त्यामुळे जागा मागणाऱ्याची बाजू आणि जागा देणाऱ्याची बाजू दोन्ही बघितल्यात.

क्लासिकपासून सुरू करू. २७ ऑगस्ट २०१९ ला ब्लिझर्डनं जुना गेम परत उघडला तो हा. नऊ क्लास आहेत, पण गेममध्ये दोन विरुद्ध बाजू आहेत, पॅलाडिन फक्त अलायन्सकडे आणि शामन फक्त होर्डकडे, म्हणजे तुमच्या बाजूला आठच. आणि इथं मला सगळ्यात जास्त आवडतं ते लढाईच्या बाहेरचं. मेज पाणी आणि खाणं तयार करून देतो, शहरांची पोर्टलं उघडतो. वॉरलॉक लांबच्या माणसाला समन करून आणतो, पण त्याला अजून दोन जणांची मदत लागते, एकट्याला ते जमत नाही. पेटीला कुलूप असेल तर रोग क्लासवाला शोधा. ड्रुइड रस्त्यात भेटलेल्या अनोळखी लो लेव्हल माणसावर मार्क ऑफ द वाइल्ड आणि थॉर्न्स हे बफ (मदतीचे मंत्र) टाकून पुढं निघून जातो, आणि तो माणूस पुढचा काही वेळ एकदम खुश असतो. यातली एकही गोष्ट डॅमेज मीटरवर (कोणी किती मारलं ते दाखवणारी यादी) दिसत नाही, पण "भाऊ मेज आहेस का, एक पोर्टल देतोस का" असं कोणीतरी विचारतं तेव्हा तुमचा क्लास खरोखर कोणाच्या तरी गरजेचा असतो. अनोळखी लोकांमध्ये बोलणं सुरू व्हायला याच्यापेक्षा चांगलं कारण मी कुठल्याच गेममध्ये बघितलेलं नाही.

डंजनमध्ये, म्हणजे पाच जणांच्या छोट्या मोहिमेत, तर हे अजून छान होतं. शत्रूला काही वेळ लढाईतून बाहेर ठेवायची प्रत्येकाची युक्ती वेगळी. मेजचा पॉलीमॉर्फ माणसांसारख्या शत्रूंवर आणि जनावरांवर चालतो, रोगचा सॅप माणसांसारख्यांवरच आणि तो पण लढाई सुरू व्हायच्या आधी, प्रीस्टचा शॅकल फक्त अनडेडवर, वॉरलॉकचा बॅनिश डीमन आणि एलिमेंटलवर, ड्रुइडचा हायबरनेट जनावरं आणि ड्रॅगनकिनवर. म्हणजे अनडेडनी भरलेल्या स्कोलोमन्स किंवा स्ट्रॅथोल्मला चाललात की प्रीस्ट सोन्याचा, आणि सन्कन टेंपलमध्ये ड्रॅगनकिन समोर आले की तोच ड्रुइड ज्याला बाकी ठिकाणी कोणी विचारत नाही तो एकदम कामाचा. इथं डिझायनरनं कुठल्याही क्लासचा आकडा वाढवलेला नाही, फक्त शत्रूचा प्रकार बदललाय. माझ्या मते क्लास उपयोगी करायचा सगळ्यात चांगला रस्ता हाच आहे. बॉसनं असा काहीतरी प्रश्न टाकायचा की ज्याचं उत्तर त्या क्लासकडे आहे. नुसतं सगळ्यांचं डॅमेज एका पातळीवर आणलं तर सगळे सारखे होतात, उपयोगी होत नाहीत.

चाळीस जणांच्या रेडमध्ये पण हेच. मोल्टन कोअरमधला पहिला बॉस ल्युसिफ्रॉन घ्या. तो कर्स टाकतो आणि मॅजिक डीबफ (अंगावर राहणारा वाईट परिणाम) पण टाकतो, कर्स काढायला मेज आणि ड्रुइड, मॅजिक काढायला प्रीस्ट आणि पॅलाडिन. त्याच्यावर डॅमेज किती करता यापेक्षा कोण किती पटापट साफ करतंय याला महत्त्व. त्याच्याकडूनच ट्रँक्विलायझिंग शॉटचं पुस्तक पडतं, ते हंटरनं शिकायचं आणि पुढच्याच मॅगमाडारवर वापरायचं, कारण मॅगमाडार चवताळला की तो शॉट मारूनच त्याला शांत करावं लागतं, म्हणून हंटर आपसात नंबर लावून घेतात, पहिला तू दुसरा मी, आणि कोणाचा शॉट मिस झाला तर पुढच्यानं लगेच मारायचा. पुढं गार येतो, त्याच्याबरोबर आठ फायरस्वॉर्न, ते एलिमेंटल, म्हणून वॉरलॉक बॅनिश करतात, एकेकाला एकेक फायरस्वॉर्न वाटून दिलेला असतो. पहिल्या चार बॉसच्या आत पाच-सहा क्लासना आपापलं स्वतःचं काम मिळालेलं असतं. २००४ च्या मानानं हे डिझाईन खरंच विचारपूर्वक केलेलं आहे.

आता याच क्लासिकची दुसरी बाजू, आणि ही पण तितकीच खरी आहे.

बॉसवर एकावेळी किती डीबफ राहू शकतात याला मर्यादा होती. सुरुवातीला आठ होती, नंतर सोळा केली. चाळीस जण आणि सोळा जागा! सतरावा डीबफ आला की आधीचा एखादा बाहेर पडायचा. म्हणून रेड लीडर ठरवायचा कोणी काय टाकायचं नाही, आणि मग ज्यांचं सगळं डॅमेजच डॉटवर, म्हणजे हळूहळू लागत राहणाऱ्या डीबफवर, चालतं त्या वॉरलॉकला सांगितलं जायचं की तू फक्त शॅडो बोल्ट मार. शॅडो प्रीस्ट (प्रीस्टचा डॅमेज करणारा प्रकार) एकच घ्यायचे, कारण त्याच्या शॅडो वीव्हिंगनं बॉसला शॅडो डॅमेज १५ टक्के जास्त लागतं आणि वॉरलॉकना ते हवं असतं, पण दुसरा शॅडो प्रीस्ट आला की तो नुसती जागा अडवणार. म्हणजे क्लास नापास झाला तो त्याच्या स्वतःच्या कमतरतेमुळे नाही, इंजिनच्या एका मर्यादेमुळे. गेम बनवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं, क्लास बॅलन्स म्हणजे फक्त स्पेलचे आकडे नसतात, यूआयमध्ये डीबफला किती जागा आहेत हा पण बॅलन्सच असतो.

पॅलाडिनचं तर वेगळंच. टॅलेंटमध्ये टँकची (पुढं उभं राहून मार अंगावर घेणाऱ्याची) एक पूर्ण ट्री दिली पण टाँट दिला नाही, म्हणजे बॉस दुसऱ्याच्या मागं लागला तर परत स्वतःकडे ओढायचा साधा मार्गच नाही. मग पॅलाडिन काय करतो, ब्लेसिंग देतो आणि हील करतो. आता ब्लेसिंग भारी आहेत यात वाद नाही, किंग्सनं सगळे स्टॅट १० टक्के वाढतात, सॅल्व्हेशननं थ्रेट (शत्रूचं लक्ष आपल्याकडे ओढलं जाणं) ३० टक्के कमी होतो म्हणजे डीपीएसवाल्यांना, म्हणजे डॅमेज करणाऱ्यांना, मोकळेपणानं मारता येतं, आणि एक पॅलाडिन एका माणसावर एकच ब्लेसिंग ठेवू शकतो म्हणून चार-पाच पॅलाडिन प्रत्येकी वेगळं ब्लेसिंग घेऊन उपयोगी पडतात. आकड्यात बघितलं तर पॅलाडिनशिवाय अलायन्सची रेड अर्धी. पण उपयोगी असणं आणि खेळायला मजा येणं यात फरक आहे हो. ज्यानं ढाल घेऊन पुढं उभं राहायचं म्हणून पॅलाडिन निवडला त्याला मागं उभं राहून सगळ्यांवर एकेक करून ब्लेसिंग टाकत बसावं लागतं आणि ते पाच मिनिटात संपतं की परत सुरू. नंतर पंधरा मिनिटं टिकणारी ग्रेटर ब्लेसिंग आली तेव्हा जरा श्वास घेता आला. क्लासला काम आहे का एवढाच प्रश्न विचारून चालत नाही, ते काम त्या माणसानं निवडलेल्या स्वप्नाशी जुळतं का हे पण बघायला पाहिजे.

माझ्या ड्रुइडचं सांगायचं तर क्लासिकमध्ये ड्रुइडकडे साधं रेझरेक्शनच नाही. रीबर्थ आहे, लढाईच्या मध्ये मेलेल्याला उठवता येतं, खूपच ताकदीचं, पण कूलडाऊन अर्धा तास, तोवर परत वापरता येत नाही. म्हणजे पाच जणांच्या डंजनमध्ये वाईप झालं (सगळे मेले) आणि हीलर ड्रुइड असेल तर सगळ्यांनी भूत होऊन पळत यायचं. मला यात एक गंमत दिसते की रेडमध्ये तीच रीबर्थ आणि इनर्व्हेट (दुसऱ्याचा मॅना, म्हणजे जादूची ताकद, लवकर भरून देणारं) यामुळे एक-दोन ड्रुइड हवेच असतात, पण हीलिंगसाठी नाही, त्या दोन बटणांसाठी. आणि ज्याला फेरल म्हणजे मांजर होऊन डॅमेज करायचंय त्यानं बाकीच्यांच्या बरोबरीला यायचं तर नोमरगनला जाऊन मॅन्युअल क्राउड पमलर नावाचा हातोडा परत परत पाडून आणायचा, त्यात तीनच चार्ज असतात, प्रत्येक चार्जला अर्धा मिनिट अटॅक स्पीड ५० टक्के वाढतो, चार्ज संपले की तो गेला, पुढच्या रेडला नवीन आणा. फेरलवाले हे करतात, आवडीनं करतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एका लो लेव्हल डंजनच्या हातोड्यावर आख्ख्या स्पेकचं (क्लासमधल्या एका प्रकाराचं) भवितव्य टांगलेलं असणं हे डिझाईन म्हणून चूकच आहे.

आणि एक गोष्ट २०१९ मध्ये दिसली ती २००४ मध्ये दिसली नव्हती. लाँच होऊन आठवडा व्हायच्या आतच लोकांनी मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस रॅग्नॅरॉस पाडला. लोकांना गेम आधीच पाठ होता, बॉस सोपे पडले, आणि बॉस सोपा पडला की युटिलिटीला किंमत राहत नाही. कर्स काढायच्या आधीच बॉस मरत असेल तर कर्स काढणारा कशाला? मग उरतं फक्त डॅमेज, आणि डॅमेजमध्ये वॉरियर आणि रोग पुढं, म्हणून रेडच्या रेड वॉरियरनी भरल्या. यातून मला एक समजलंय, की क्लासची विविधता टिकवायची तर लढाई पुरेशी अवघड पाहिजे. अडचणच नसेल तर अडचणीवरचे वेगवेगळे उपाय घेऊन लोक काय करणार.

२००७ ची बर्निंग क्रुसेड (गेमचा पहिला मोठा विस्तार) माझ्या मते या बाबतीत सगळ्यात वर आहे आणि त्यातली एकच फाईट उदाहरण म्हणून पुरेशी आहे, ग्रुल्स लेअरमधला हाय किंग मौलगर. पाच शत्रू एकदम अंगावर येतात. क्रॉश फायरहँड हा मेज, त्याचे फायरबॉल एवढे जबरी की नेहमीचा टँक टिकत नाही, पण तो स्वतःवर एक शील्ड घेतो ज्यानं मॅजिक डॅमेज खूप कमी होतं, आणि तुमचा मेज ते शील्ड स्पेलस्टीलनं चोरून स्वतःवर घेतो आणि कपड्याच्या चिलखतात उभा राहून टँक करतो. मेज टँक! ओल्म द समनर फेल स्टॉकर नावाचे डीमन बोलावतो, त्यांना वॉरलॉक गुलाम करतो नाहीतर बॅनिश करतो. किगलर लांबून वीज मारतो म्हणून त्याला हंटर किंवा मूनकिन (ड्रुइडचा लांबून मारणारा प्रकार) लांबूनच धरून ठेवतो. ब्लाइंडआय हीलर आहे, त्याचं शील्ड फोडून हील थांबवायला रोग आणि इंटरप्टवाले, म्हणजे शत्रूचा मंत्र मध्येच तोडणारे. आणि मौलगरला स्वतःला नेहमीचा टँक. ही फाईट पहिल्यांदा जमते तेव्हा व्हॉइस चॅटवर जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो, कारण प्रत्येकाला माहीत असतं की मी माझं काम चुकवलं असतं तर सगळे मेलो असतो. त्याच काळात सर्पंटश्राइनमध्ये लिओथेरसच्या डीमन रूपाला वॉरलॉकनं टँक करायचं, आणि त्याच्याही आधी आन किराजच्या ट्विन एम्परर्समध्ये वेकलॉरला फिजिकल डॅमेज लागतच नाही म्हणून तिथंही वॉरलॉक टँक. आणि पॅलाडिन? त्याला टाँटसारखं बटण मिळालं, आणि हायजलच्या रेडमध्ये पहिल्या चार बॉसच्या आधी शत्रूंच्या लाटांवर लाटा येतात तेव्हा कॉन्सेक्रेशन टाकून सगळा घोळका अंगावर घेणारा पॅलाडिन टँक म्हणजे रेडचा राजा. काही वर्षं फक्त ब्लेसिंग देणाऱ्या क्लासला हा दिवस बघायला मिळाला याचा मला खरंच आनंद आहे.

पण याच बर्निंग क्रुसेडमध्ये उलटं उदाहरण पण आहे. शामनला ब्लडलस्ट मिळालं, अलायन्सकडे (तिकडे पण आता शामन आले) त्याचं नाव हिरोइझम, चाळीस सेकंद ३० टक्के हेस्ट म्हणजे वेग, आणि ते फक्त आपल्या पाच जणांच्या ग्रुपला. आणि एकानंतर दुसऱ्यानं टाकायला काही बंदी नाही. मग काय होणार, सीरियस गिल्ड (खेळाडूंचे कायमचे गट) पंचवीस जणांच्या रेडमध्ये शामनच शामन घ्यायला लागले, लढाई चालू असताना शामनना एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरवायला लागले. एका क्लासला एवढं काम दिलं की बाकीच्यांच्या जागा त्यानं खाल्ल्या. एखादी गोष्ट फक्त एकाच क्लासकडे आहे, ती खूप ताकदीची आहे आणि ती साठवत नेता येते, या तीन गोष्टी एकत्र आल्या की हे होणारच.

२००८ मध्ये रॅथ ऑफ द लिच किंग आलं आणि डेव्हलपरनी सरळ धोरण जाहीर केलं की क्लास बघून नाही, माणूस बघून रेडला न्या. ब्लडलस्ट आख्ख्या रेडला आणि एकदा मिळालं की काही मिनिटं परत मिळणार नाही. बफ वाटून दिले, एकाच प्रकारचा बफ दोन-तीन क्लासकडे. मॅना भरून देणारं रिप्लेनिशमेंट शॅडो प्रीस्टकडे, रिट्रिब्यूशन पॅलाडिनकडे आणि सर्व्हायव्हल हंटरकडे, कोणी पण एक आणा. पुढच्या वर्षी ड्युअल स्पेक आलं, म्हणजे एका बॉसला दोन टँक लागतात आणि पुढच्याला एकच, तर दुसरा टँक बटण दाबून डीपीएस होतो, हायब्रिड (एकापेक्षा जास्त रोल जमणाऱ्या) क्लासची किंमत यामुळे एकदम वाढली. रेड लीडर म्हणून मला हा काळ सगळ्यात सोपा वाटतो, कोणाला "तुझा क्लास नको" म्हणावंच लागत नाही. नाक्सरामास रेडमधला बॉस रझुव्हियस बघा, २००६ च्या चाळीस जणांच्या रेडमध्ये त्याच्या शिष्यांना प्रीस्टनं माइंड कंट्रोल करून त्यांच्याकडूनच त्याला टँक करायला लागायचं, प्रीस्ट नाही तर फाईट नाही. रॅथमध्ये दहा जणांच्या रेडसाठी तिथं एक क्रिस्टल ठेवलं, कोणी पण क्लिक करून शिष्य ताब्यात घेऊ शकतो, आणि पंचवीस जणांमध्ये प्रीस्टचं काम तसंच ठेवलं. हे फार शहाणपणाचं आहे. दहा जणांत प्रीस्ट असेलच असं नाही, पंचवीसात असतोच. छोट्या ग्रुपला पर्याय द्या आणि मोठ्या ग्रुपमध्ये क्लासचा मान राखा.

किंमत मात्र मोजावी लागली. सगळ्यांकडे सगळं यायला लागलं आणि क्लासची स्वतःची ओळख पातळ होत गेली, पुढं मेजला पण ब्लडलस्टसारखं टाइम वॉर्प मिळालं, हंटरच्या पेटला पण मिळालं. २००९ च्या शेवटी डंजन फाइंडर आला, बटण दाबा, ग्रुप तयार, थेट डंजनमध्ये. सोय झाली, मी पण वापरते, पण वॉरलॉकला समन कर म्हणणारं कोणी उरलं नाही.

रिटेलमध्ये आता तेरा क्लास आहेत. २०१८ च्या बॅटल फॉर ॲझरॉथपासून त्यांनी परत थोडी उलटी दिशा पकडली आणि वेगळे बफ परत आणले, मेजचं इंटलेक्ट, वॉरियरचा बॅटल शाउट, प्रीस्टचं फॉर्टिट्यूड, डीमन हंटरमुळे बॉसला मॅजिक डॅमेज जास्त, मंकमुळे फिजिकल डॅमेज जास्त. प्रत्येकाचा बफ छोटा, आख्ख्या रेडला लागू, आणि एकाच क्लासचे दोघे असले तरी एकदाच लागतो. मिथिक (सगळ्यात अवघड) रेड वीस जणांचीच असते, तेरा क्लासचा एकेक घेतला तरी सात जागा मोकळ्या राहतात, म्हणजे प्रत्येक क्लासला एक जागा जवळजवळ पक्की आणि तरी लीडरला निवडायला वाव. रेडपुरतं बोलायचं तर मला हे आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं गणित वाटतं.

मिथिक प्लसमध्ये, म्हणजे पातळीगणिक अवघड होत जाणाऱ्या डंजनमध्ये, मात्र हे गणित कोसळतं. तिथं पाच जण, एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस, आणि डोक्यावर टायमर. तेरा क्लास पाच जागांत कसे बसवणार? लीडरला एक ब्लडलस्ट हवं असतं, ते शामन, मेज, हंटर किंवा इव्होकर आणतो. एक बॅटल रेझ (लढाईत मेलेल्याला उठवणारं) हवं असतं, ते ड्रुइड, वॉरलॉक, डेथ नाइट किंवा पॅलाडिन. एका कामाला चार-चार क्लास चालतात हे चांगलंच केलंय. पण खरा त्रास डिझाईनपेक्षा पण ग्रुप जमवण्याच्या पद्धतीत आहे. लीडरनं ग्रुप टाकला की अर्जांची रांग लागते, समोरचा माणूस कसा खेळतो हे त्याला माहीत नसतं, दिसतो फक्त क्लास, गिअर (शस्त्रं-चिलखत) आणि स्कोअर, मग तो सगळ्यात वरच्या "की" (मिथिक प्लसच्या पातळ्या) खेळणाऱ्यांची यादी बघून त्यातलेच क्लास उचलतो. वरच्या मोजक्या टीमसाठी जे चार टक्के महत्त्वाचे असतात ते खालच्या लेव्हलला कोणालाच महत्त्वाचे नसतात, तिथं "की" फसते ती इंटरप्ट न केल्यामुळे आणि आगीत उभं राहिल्यामुळे. तरी पण खालच्या "की"मध्ये सुद्धा चांगला खेळणारा माणूस क्लास बघून नाकारला जातो. गेमनं लीडरला त्या माणसाचे इंटरप्ट किती, डिस्पेल (वाईट परिणाम काढणं) किती, किती वेळा मेला हे दाखवलं तर अर्धा मेटा, म्हणजे सध्या चलतीत असलेल्या क्लासचा हट्ट, आपोआप सैल होईल असं मला वाटतं.

२०२३ च्या जुलैमध्ये इव्होकरचा ऑग्मेंटेशन स्पेक आला, डीपीएसच्या जागेवर बसणारा सपोर्ट, स्वतः मारण्यापेक्षा दुसऱ्यांचं डॅमेज वाढवणारा. कल्पना मला फार आवडली, हीलरच्या स्वभावाच्या पण हील न करणाऱ्या लोकांसाठी असं काहीतरी हवंच होतं. पण दोन अडचणी लगेच आल्या. एक म्हणजे मीटरवर त्याचं डॅमेज दुसऱ्यांच्या नावावर दिसायचं, म्हणजे सगळ्यात जास्त मदत करणारा माणूस यादीत सगळ्यात खाली, आणि हे वेगळं मोजायची सोय नंतर करावी लागली. दुसरं म्हणजे गुणाकार, सोबतचे जेवढे चांगले तेवढा तो चांगला, म्हणून वरच्या ग्रुपना तो असल्याशिवाय चालेना आणि साध्या ग्रुपमध्ये त्याचा फरकच जाणवेना, मग नर्फवर नर्फ, म्हणजे त्याची ताकद परत परत कमी केली. सपोर्ट क्लास बनवायचा तर त्याची मदत मिळालेल्या माणसाला ती दिसली पाहिजे, "हा वाचलो तो तिच्यामुळे" असं कळलं पाहिजे, यावर अजून बरंच काम बाकी आहे.

सगळ्यात धाडसी प्रयोग सीझन ऑफ डिस्कव्हरीचा. ३० नोव्हेंबर २०२३ ला क्लासिकच्याच जगात हे सुरू झालं, लेव्हल २५ ला थांबवलं, ब्लॅकफॅदम डीप्स दहा जणांची रेड केली, आणि रून (क्लासला नव्या क्षमता देणाऱ्या) दिल्या. त्या रूनमुळे मेज हीलर झाला, वॉरलॉक मेटामॉर्फोसिस घेऊन टँक झाला, रोग टँक, शामन टँक, आणि पॅलाडिनला शेवटी टाँट मिळाला. एकेका क्लासला आख्खा नवा रोल! बॅलन्स मागंपुढं होत राहिला, एखाद्या फेजमध्ये एखादा स्पेक डोक्यावर बसायचा, पण टँक मिळत नाही म्हणून पार्टी अडकून पडायचं प्रमाण कमी झालं, कारण टँक होऊ शकणारेच वाढले. रून शोधत जगभर हिंडावं लागायचं, हे मला विशेष आवडलं, उपयोगीपणा मिळवून आणल्यासारखा वाटतो.

बाकीच्या गेमशी तुलना थोडक्यातच करते. गिल्ड वॉर्स २ नं २०१२ मध्ये टँक-हीलर-डीपीएसची चौकट काढूनच टाकली, प्रत्येकाकडे स्वतःचं हील, ऐकायला सगळ्यांसाठी समान, पण सुरुवातीच्या डंजनमध्ये सगळे जास्तीत जास्त डॅमेजच्या गिअरकडे वळले आणि रेंजर-नेक्रोमॅन्सर बाहेर बसले. नंतर क्विकनेस आणि अलॅक्रिटी हे बून (तिथले बफ) वेगवेगळ्या प्रोफेशनना वाटले तेव्हा चित्र सुधारलं. फायनल फँटसी १४ मध्ये एकाच कॅरेक्टरला सगळे जॉब करता येतात, म्हणजे क्लास नाकारला तरी माणूस नाकारला जात नाही, हा उपाय साधा आणि मनाचा मोठेपणा असलेला आहे. आणि सिटी ऑफ हिरोजमध्ये आठ जणांच्या टीममध्ये सगळे डिफेंडर असले तरी एकमेकांचे बफ साठत जाऊन टीम तगडी व्हायची, कोण आलंय हे न बघता खेळायला घ्या. इथं बफ साठले म्हणून सगळ्यांनाच जागा झाली आणि शामनच्या बाबतीत बफ साठले म्हणून बाकीच्यांच्या गेल्या, फरक एवढाच की इकडे सगळ्यांकडे साठणारं काहीतरी होतं.

आता कोणी काय खेळावं. मित्रमंडळी एकत्र असतील आणि रेड करायची असेल तर रिटेल, नॉर्मल आणि हिरोइक १० ते ३० जणांत चालते, कुठलाही क्लास घ्या, अगदी बिनधास्त. अनोळखी लोकांबरोबर मिथिक प्लस करायचं असेल तर टँक किंवा हीलर घ्या, किंवा असा क्लास ज्याला तीनही रोल जमतात, ड्रुइड, पॅलाडिन, मंक, म्हणजे मेटा फिरला तरी तुम्ही फिरू शकता. शुद्ध डीपीएस आवडत असेल तर मेज घ्या, लस्ट पण आहे आणि इंटलेक्ट पण. क्लासिकमध्ये वॉरलॉक, मेज, प्रीस्ट यांना जागा कायम मिळते, हंटर लेव्हल करायला सगळ्यात मजेचा पण साठच्या पुढं गिअर वाढलं तरी डॅमेज तेवढं वाढत नाही. फेरल किंवा शॅडोचा हट्ट असेल तर हट्ट सोडू नका, पण गिल्ड निवडताना पहिल्याच दिवशी रेड लीडरला विचारा की या स्पेकला जागा आहे का, आणि त्याचं उत्तर "बघू नंतर" असेल तर सरळ दुसरी गिल्ड बघा, फेरलला हाक मारून बोलावणाऱ्या गिल्ड पण असतात. आणि रेड लीड करणाऱ्यांना एक विनंती, पुढच्या वेळी लॉग (रेडची नोंद) उघडाल तेव्हा डॅमेजच्या टॅबशेजारी डिस्पेल आणि इंटरप्टचे टॅब असतात, ते पण उघडा आणि त्यात वर असलेल्यांची नावं सगळ्यांसमोर घ्या.